बिल्ज पंप बदलायचा? आधी पाणी कुठून येतं ते पाहा

प्रश्न : आमची १७ फुटी फायबरची बोट आहे, ४० हॉर्सपॉवरचं आउटबोर्ड (बोटीच्या मागे बाहेरून लावायचं इंजिन). गेल्या वर्षी जुनीच विकत घेतली. शापोरा नदीत शिवोलीजवळ मुरिंगला, म्हणजे पाण्यातच बांधलेली असते. रविवारी बायको, दोन मुलं आणि बाबांना घेऊन नदीत फेरी मारतो. परवा सकाळी गेलो तर पाऊस नसतानाही मागच्या फळ्यांवर पाणी आलेलं. बोटीत तळातलं पाणी बाहेर टाकणारा ५०० गॅलनचा बिल्ज पंप आहे. तो कधी चालतो, कधी नुसता गुणगुणतो, वायर हलवली की परत सुरू होतो. दुकानदार म्हणतो, २००० गॅलनचा घ्या, एकदाच काय ते होऊन जाऊ दे. इंजिनाचा मेकॅनिक म्हणतो, नळीत नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह (पाणी उलटं येऊ न देणारी झडप) टाका. बाबा म्हणतात, बादली आहे ना, पंप कशाला? २४ जूनला सांजावला, म्हणजे विहिरीत उड्या मारायच्या त्या सणाला, बोट सजवून न्यायची मुलांची हौस आहे, म्हणजे पहिला पाऊस बोट पाण्यातच काढणार. कोणता पंप घ्यावा आणि तो मला स्वतःला बसवता येईल का?
— एक वाचक, बार्देश

उत्तर : नमस्कार.

शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करतो. हो, पंप तुम्ही स्वतः बसवू शकता. स्क्रू ड्रायव्हर, क्रिम्पिंगची पक्कड, मल्टिमीटर आणि एक मोकळा रविवार एवढं पुरेल. पण तुमच्या पत्रातलं मला सगळ्यात जास्त खटकलेलं वाक्य पंपाचं नाहीच. पाऊस नसताना फळ्यांवर पाणी आलं, हे ते वाक्य. म्हणजे नदी बोटीत शिरते आहे, आणि तीही थोडीथोडकी नाही. उद्या मोठा पंप बसवलात तर ते पाणी तुम्हाला दिसायचं बंद होईल, यायचं बंद होणार नाही. मग ज्या रात्री बॅटरी उतरेल, त्या रात्री बोट तळाला जाईल. म्हणून माझा क्रम असा आहे : आधी गळती, मग वायर आणि स्विच, मग नळी आणि सगळ्यात शेवटी पंप.

गळतीचा शोध आत्ताच घ्या, पाऊस लागण्याआधी. आत्ता तळात दिसणारा प्रत्येक थेंब नदीचा आहे, यात शंका नाही. जूनमध्ये वरून पाऊस पडेल आणि नदीचं पाणीही पुरामुळे गोडं होत जाईल. मग आतलं पाणी आभाळातलं की खालचं, हे चव घेऊनही कळणार नाही.

या आकाराच्या आउटबोर्ड बोटीला पाण्याखाली भोकं फार नसतात, त्यामुळे शोध फारसा अवघड नाही. पहिला संशय ड्रेन प्लगवर घ्या. ट्रान्समच्या, म्हणजे बोटीच्या मागच्या आडव्या भिंतीच्या, अगदी तळाशी, बोट बाहेर काढल्यावर आतलं पाणी सोडायला जे बूच असतं ते. त्याची रबरी रिंग उन्हाने कडक होते, तिला बारीक चिरा पडतात, आटे झिजतात. त्यानंतर फिश फाइंडरच्या (मासे शोधायच्या यंत्राच्या) ट्रान्सड्यूसरचे, म्हणजे पाण्यात राहणाऱ्या सेन्सरचे स्क्रू. बोट जुनी घेतली आहे, तेव्हा आधीच्या मालकाने हे यंत्र एका जागेवरून काढून दुसरीकडे लावलं होतं का आणि जुनी भोकं नुसत्या बाथरूमच्या सिलिकॉनने बुजवली होती का, ते बघा. स्टिअरिंगच्या आणि कंट्रोलच्या केबल जिथून आत येतात तिथलं रबरी आवरणही फाटलेलं असू शकतं.

आणखी एक जागा बहुतेकांच्या नजरेतून सुटते, ती म्हणजे बिल्ज पंपाचं बाहेर पाणी टाकणारं तोंड. बोट रिकामी असताना ते पाण्याच्या दोन-चार बोटं वर दिसतं. पण मागच्या बाकावर दोन माणसं बसली, पेट्रोलची टाकी भरली, की बोटीचा मागचा भाग दबतो आणि तोंड पाण्याखाली जातं. अशा वेळी पंप चालून थांबला तर भरलेली नळी सायफनचं काम करते आणि नदीच उलटी आत येऊ लागते. या जातीच्या पंपात पाणी अडवणारा पडदा कुठेच नसतो. जो पंप बोट कोरडी ठेवायला बसवला, त्याच्याच वाटेने बोट भरते.

खात्री करायची एक साधी पद्धत आहे. बोट ट्रेलरवर बाहेर काढा, ट्रेलरचा आधार सगळीकडे नीट लागला आहे ना ते पाहा, ड्रेन प्लग घट्ट लावा आणि बोटीचा मागचा भाग बाहेरून कापडाने खडखडीत कोरडा करा. मग आत, मागच्या खळग्यात, नळाने साधारण वीतभराच्या निम्मं पाणी भरा. त्याहून जास्त नको, पाण्याचं वजन फार होतं. आता बाहेर बसून नुसतं बघत राहा. पाणी जिथून आत येतं तिथूनच बाहेर झिरपतं. एखाद्या स्क्रूच्या डोक्याखाली आधी ओलसर डाग दिसेल, मग थेंब धरेल. तिथे पेन्सिलने खूण करा. ते भोक रेझिनने भरून, नव्याने छिद्र पाडून, बोटीसाठीचं पॉलियुरेथेन सिलंट लावून स्क्रू परत बसवा. वरून सिलिकॉन चोपडल्याने काही होत नाही, ते फायबरवरून सालीसारखं निघून येतं.

आता तुमच्या पंपाकडे वळू. वायर हलवली की चालतो, हे लक्षण पंपाचं नाही, जोडाचं आहे. पंपाजवळचा जोड शोधा आणि त्यावरची काळी टेप सोडवा. आत चिकट गोंद असेल, त्याखाली हिरवट भुकटी आणि तारेचे धागे नखाने मोडतील इतके ठिसूळ झालेले असतील. खाऱ्या पाण्यात बुडालेल्या, नुसत्या पिळून टेप गुंडाळलेल्या जोडाचं एका हंगामात हेच होतं. तार पुढे कापून बघा. आत तांबं लालसर चकचकीत दिसलं तर तिथपर्यंत वायर शाबूत आहे. काळं दिसलं तर आणखी कापा. हातभर कापूनही काळंच निघालं, तर ती अख्खी वायर बदला.

पंप जिवंत आहे की नाही हे ठरवायला तो बोटीतून काढून अंगणात आणा. पेट्रोलच्या टाकीजवळ हा प्रयोग करू नका. बाजूचे दोन खटके दाबले की पंप खालच्या जाळीपासून सुटतो. पंख्यात तंगूस, केस, खारफुटीच्या पानाचा देठ असलं काही अडकलेलं असेल तर काढा आणि पंखा बोटाने फिरवून बघा. मग बादलीभर पाण्यात ठेवून थेट बॅटरीला जोडा. जोराने पाणी फेकलं तर पंप ठीक आहे. नुसता गुणगुणला, अडखळला किंवा बुडाशी तेलकट काळं पाणी सोडू लागला तर त्याचं आयुष्य संपलं.

एक मोजणी मात्र बोटीतच करा. पंप पाणी फेकत असताना मल्टिमीटरने आधी बॅटरीच्या टोकांवर आणि मग पंपाच्या तारांवर व्होल्टेज बघा. बॅटरीवर १२.५ आणि पंपावर १०.५ आले, तर दोन व्होल्ट वायरने, जोडाने किंवा स्विचने खाल्ले. अशा वायरवर कितीही भारी पंप लावा, तो रडतच चालणार. उलट मोठा पंप जास्त करंट ओढतो, म्हणून त्याच वायरवर तो आणखी व्होल्टेज पाडतो.

गॅलनचा आकडा

खोक्यावरचा आकडा ताशी अमेरिकन गॅलनचा असतो. एक गॅलन म्हणजे ३.७८५ लिटर. म्हणजे ५०० चा पंप ताशी सुमारे १,९०० लिटर, ११०० चा सुमारे ४,१६० लिटर आणि २००० चा सुमारे ७,५७० लिटर. पण हा आकडा काढताना पंपाला नळी जोडलेली नसते, पाणी वर चढवायचं नसतं आणि व्होल्टेज बहुधा १३.६ दिलेलं असतं, म्हणजे इंजिन चालू असून बॅटरी चार्ज होत असताना असतं तेवढं. मुरिंगला उभ्या असलेल्या बोटीत १२ च्या आसपास व्होल्ट मिळतात, पाणी मीटरभर वर चढवावं लागतं आणि नळीला वळणं असतात. हे सगळं धरलं की हातात साधारण निम्मं ते दोन तृतीयांश राहतं.

तुमच्या बोटीत खरा आकडा किती, हे तुम्हीच मोजू शकता. तळात पाणी घ्या, बाहेरच्या तोंडाखाली २० लिटरची बादली धरा आणि घड्याळ लावा. बादली ३० सेकंदांत भरली तर मिनिटाला ४० लिटर, म्हणजे ताशी २,४०० लिटर. हा आकडा बोटीत कुठेतरी लिहून ठेवा. पुढच्या वर्षी तीच बादली ४५ सेकंद घेऊ लागली तर पंप, वायर किंवा नळी यांतलं काहीतरी बिघडत चाललं आहे, हे वेळेआधी कळेल.

आता पावसाचा हिशेब करू, कारण तुमची खरी भीती ती असावी. तुमच्या बोटीचं वरून उघडं क्षेत्र ८ चौरस मीटरच्या जवळपास धरू. २४ तासांत १०० मिलिमीटर पाऊस पडला तर बोटीत ८०० लिटर पाणी जमेल. जूनमध्ये गोव्यात असे दिवस येतात. हवामान खातं ६४.५ मिलिमीटरपासून पुढे जोरदार पाऊस धरतं. ८०० लिटर म्हणजे ८०० किलो, बहुधा तुमच्या रिकाम्या बोटीच्या वजनाहून जास्त. पण पंपाच्या दृष्टीने पाहिलं तर ताशी २,४०० लिटर फेकणाऱ्या पंपाला हे वीस मिनिटांचं काम आहे, तेही दिवसभरात विभागलेलं. ११०० चा पंप साधारण ३ ते ४ अँपिअर घेतो, म्हणजे दिवसाला जेमतेम दीड अँपिअर-अवर. ७० अँपिअर-अवरच्या चांगल्या बॅटरीची निम्मी ताकद वापरली तरी हे कितीतरी दिवस पुरतं.

मग पावसात बोटी बुडतात कशाने? पाणी चढलं की तरंगून पंप सुरू करणारा फ्लोट स्विच वर अडकून राहतो आणि कोरडा पंप रात्रभर फिरतो. चार अँपिअर गुणिले नऊ तास म्हणजे ३६ अँपिअर-अवर. सकाळपर्यंत ७० च्या बॅटरीची निम्मी ताकद गेलेली असते, बॅटरी जुनी असेल तर ती मेलेलीच, आणि त्यानंतर पडलेला पाऊस उपसायला कोणी नसतं. किंवा फ्लोट खाली अडकतो आणि पंप चालूच होत नाही. किंवा तो टेपचा जोड सुटतो. पंप लहान होता म्हणून पावसात बोट बुडाली, असं क्वचितच होतं.

बोटीला भोक पडलं तर? पाण्याखाली ३० सेंटिमीटरवर २५ मिलिमीटर व्यासाचं भोक पडलं तर त्यातून मिनिटाला ४० लिटरहून जास्त पाणी आत येतं, म्हणजे ताशी अडीच हजार लिटरच्या घरात. ११०० चा पंप त्याच्याशी कशीबशी बरोबरी करेल. भोक दुप्पट रुंद, ५० मिलिमीटरचं झालं तर पाणी चौपट होतं, ताशी १०,००० लिटर. तिथे दुकानदाराचा २००० चाही हरतो. भोक पडल्यावर पंप तुम्हाला फक्त वेळ मिळवून देतो : फळ्या उचलायला, भोक शोधायला, त्यात कापडाचा बोळा किंवा मऊ लाकडाचं निमुळतं बूच ठोकायला आणि काठ गाठायला. तशी दोन-तीन मापांची बुचं बोटीत दोरीने बांधून ठेवा.

२००० का नको

मोठा घेतला तर बिघडलं कुठे, असं वाटणं स्वाभाविक आहे. बिघडतं ते असं. त्याला २८ मिलिमीटरची नळी लागते. तुमच्या ५०० च्या पंपाची नळी आणि बाहेरचं तोंड बहुधा १९ मिलिमीटरचं आहे. रिड्यूसर लावून मोठा पंप जुन्या नळीला जोडला, तर पैसे २००० चे जातात आणि पाणी त्याच्या जवळपासही पडत नाही. तो आठ अँपिअरच्या आसपास करंट ओढतो, त्याला जाड वायर लागते. आणि तुमच्या बोटीचा तळ अरुंद आहे. मोठा पंप खळगा झटक्यात रिकामा करतो, थांबतो आणि उभ्या नळीतलं पाणी परत खाली येतं. दीड मीटर लांबीच्या २८ मिलिमीटर नळीत जवळपास एक लिटर पाणी असतं. अरुंद खळग्यात तेवढं पाणी फ्लोट पुन्हा उचलायला पुरतं. पंप पुन्हा सुरू, पुन्हा बंद, रात्रभर.

हे परत येणारं पाणी अडवायलाच तुमचे मेकॅनिक नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह सुचवत आहेत. त्यांचा हेतू बरोबर आहे, पण उपाय टाळा. एक तर त्या झडपेमुळे पंपाचा जोर कमी होतो. दुसरं, खारफुटीचं एक कुजकं पान झडपेत अडकलं की ती उघडत नाही किंवा मिटत नाही. आणि तिसरं सगळ्यात वाईट : झडपेवर पाण्याचा स्तंभ उभा आणि खाली पंपात हवा कोंडलेली, अशी स्थिती आली की पंख्याला ती झडप ढकलता येत नाही. पंप गुणगुणतो, पाणी पडत नाही, आणि बाहेरून सगळं ठीक दिसतं. तुमच्या नळीत आधीच्या मालकाने अशी झडप घातलेली नाही ना, हेही बघा. नुसतं गुणगुणण्याचं ते एक कारण असू शकतं.

परत येणाऱ्या पाण्यावर उपाय म्हणजे बारीक नळीचा लहान पंप सगळ्यात खाली ठेवणं. म्हणून तुम्हाला माझा सल्ला असा : तुमचा ५०० चा पंप बादलीच्या परीक्षेत पास झाला तर तो फेकू नका. नवा फ्लोट आणि नवी वायर देऊन त्याला तळातच ठेवा. रोजचं काम तो करेल. त्याच्या दीड मीटर नळीतून अर्धा लिटरही पाणी परत येत नाही. नवा ११०० चा पंप घ्या आणि तो साधारण १० सेंटिमीटर वर बसवा, त्याचा स्वतंत्र फ्लोट, स्वतंत्र फ्यूज, स्वतंत्र नळी आणि बाहेरचं स्वतंत्र तोंड. दोन्ही नळ्या टी लावून एकत्र करू नका, नाहीतर एका पंपाचं पाणी दुसऱ्यातून आत येईल. वरच्या पंपाच्या फ्लोटवर एक बझर जोडा. तो वाजला म्हणजे खालचा पंप हरला किंवा बंद पडला. जुना पंप नापास झाला आणि खर्च एकाच पंपाचा झेपत असेल, तर एकटा ११०० चा घ्या. तुमच्या बोटीला तो पुरेसा आहे.

घेताना तो बोटीसाठीच बनवलेला, ठिणगी बाहेर न पडणारी मोटर असलेला आहे, हे खोक्यावर वाचून घ्या. शेताच्या फवारणीचे किंवा कूलरचे १२ व्होल्टचे पंप स्वस्त मिळतात, ते नकोत. तुमची पेट्रोलची टाकी मागच्या बाकाखाली असणार. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते आणि ती नेमकी तळात, पंपाजवळ साचते. याच कारणासाठी उघडे जोडही तिथे नकोत.

काही पंपांवर ऑटोमॅटिक लिहिलेलं असतं, पण त्यांना फ्लोट नसतो. ते दर अडीच मिनिटांनी क्षणभर फिरून पाणी आहे का ते चाचपतात. चार्जिंगशिवाय मुरिंगला राहणाऱ्या बोटीत हे दिवसरात्र चाललेलं चाचपणं बॅटरीला महागात पडतं. तुमच्यासाठी वेगळा फ्लोट स्विच बरा, जाळीचं कव्हर असलेला, म्हणजे फ्लोटखाली दोरीचा तुकडा किंवा पाण्याची बाटली अडकणार नाही.

बसवताना

बॅटरीची तार आधी सोडवा. जाळीचा पाया तळाला थेट स्क्रूने ठोकू नका. फायबरचा तळ काही ठिकाणी बोटाच्या निम्म्या जाडीचाही नसतो आणि गळती थांबवायला निघालेला माणूस नवं भोक पाडून बसतो. जाड प्लास्टिकचा किंवा फायबरचा तुकडा घ्या, तळ सँडपेपरने खरवडून ॲसिटोनने पुसा, तुकडा एपॉक्सीने चिकटवा आणि स्क्रू त्या तुकड्यात मारा, तुकड्याच्या जाडीहून आखूड. पंप अशा जागी ठेवा जिथे तुमचा हात पोचेल. जाळी साफ करायला फळी उखडावी लागत असेल तर ती साफ होणार नाही. फ्लोटचा पाया पंपाच्या पायाच्या पातळीत किंवा थोडा वर हवा, नाहीतर पंपाला ओढता न येणाऱ्या पाण्यावर फ्लोट तरंगत राहील.

नळी आतून गुळगुळीत घ्या. वॉशिंग मशीनच्या पाइपसारखी वळ्यावळ्यांची नळी स्वस्त आणि वाकवायला सोपी असते, पण त्या वळ्यांत पाण्याचा जोर मरतो. पंपापासून बाहेरच्या तोंडापर्यंत नळी सतत चढती ठेवा. मधे झोळ पडला तर त्यात पाणी साचतं, पंपात हवा कोंडते आणि पंप पाणी असूनही फेकत नाही. बाहेरचं तोंड घरचे सगळे मागे बसलेले असताना पाण्यापासून किमान वीतभर वर राहिलं पाहिजे. हे अंदाजाने ठरवू नका, खरंच सगळ्यांना बसवून खूण करा. पांढरं प्लास्टिकचं तोंड आपल्या उन्हात दोन-चार वर्षांत खडूसारखं ठिसूळ होतं. ब्राँझचं किंवा स्टीलचं मिळालं तर तेच घ्या. होज क्लिप विकत घेताना खिशात लोहचुंबक न्या. पट्टी चांगल्या स्टीलची आणि स्क्रू साधा, अशा क्लिपा सर्रास मिळतात. स्क्रूला चुंबक चिकटला तर ती क्लिप परत द्या.

वायर कल्हई केलेल्या तांब्याची, २.५ चौरस मिलिमीटरची घ्या. बॅटरीपासून स्विच आणि पंप करून परत अशी १० मीटर वायर धरली, तर ४ अँपिअरला तिच्यात ०.३ व्होल्ट पडतात. तीच वायर ०.७५ ची घेतली तर जवळजवळ एक व्होल्ट जातो. जोड क्रिम्प करून (पकडीने दाबून) त्यावर आतून गोंद असलेली, तापवली की आवळणारी हीट श्रिंक स्लीव्ह चढवा, आणि जोड पाणी पोचणार नाही इतके उंच बांधा.

स्विच तीन स्थितींचा घ्या : ऑटो, बंद आणि मॅन्युअल. फ्लोटची तार मुख्य बॅटरी स्विचच्या आधी, थेट बॅटरीवरून घ्या, म्हणजे घरी जाताना मुख्य स्विच बंद केला तरी पंप जागा राहील. बॅटरीपासून वीतभराच्या आत फ्यूज हवा आणि तो पंपाच्या लेबलवर लिहिला असेल तितक्याच अँपिअरचा. हातात आला म्हणून १५ चा टाकू नका. पंख्यात तंगूस गुंतून पंप जाम झाला की मोटर जास्त करंट ओढून तापते. बरोबर मापाचा फ्यूज तेव्हा उडतो. मोठा फ्यूज उडत नाही आणि मोटर वितळते, तीही पेट्रोलच्या शेजारी. इंजिन सुरू करायची बॅटरी आणि पंपाची बॅटरी वेगळी ठेवता आली तर उत्तम.

झालं की तळात दोन बादल्या पाणी ओता आणि हात न लावता बघा. फ्लोटने पंप सुरू केला पाहिजे आणि पाणी संपल्यावर बंद केला पाहिजे. ही परीक्षा पावसात दर आठवड्याला घ्या. फ्लोट नुसता हाताने उचलून बघणं पुरेसं नाही, कारण पाणी त्याला उचलतं का, हेच आपल्याला हवं असतं.

पावसासाठी आणखी एक सांगतो. पंपाइतकाच उपयोग ताडपत्रीचा आहे. मधे बांबूचं आढं देऊन, दोन्ही बाजूंना उतार करून बांधा. सपाट ताणलेल्या ताडपत्रीत पाण्याचं तळं साचतं आणि ती फाटते. निम्मा पाऊस जरी बाहेर गेला तरी पंपाचं, बॅटरीचं निम्मं काम वाचलं.

तुमच्या बाबांचं म्हणणं मोडीत काढू नका. धडधाकट माणूस दहा लिटरच्या बादलीने मिनिटाला दहा वेळा पाणी काढू शकला तर ते मिनिटाला १०० लिटर झाले, तुमच्या दोन्ही पंपांहून जास्त. तो फार वेळ टिकत नाही, हे खरं. पण वायर तुटली, फ्यूज उडाला, बॅटरी पाण्याखाली गेली, तरी बादली चालते. दोरी बांधलेली एक मजबूत बादली बोटीत कायम असू द्या आणि मागची फळी स्क्रूने पक्की न करता हाताने उचलता येईल अशी ठेवा. फळीखालच्या पाण्यापर्यंत बादली पोचत नसेल तर तिचा उपयोग नाही. आणि कोणीच नसताना मुरिंगला रिकामी बोट बुडू लागली तर बादली काय करणार, हेही त्यांना प्रेमाने सांगा. तिथे पंपच लागतो.

तळातल्या पाण्यावर तेलाचा रंगीत तवंग दिसला तर पंप ऑटोवर सोडून जाऊ नका. तेल शोषणारे पॅड मिळतात, ते तळात टाका, तेल टिपून काढा, मग पाणी बाहेर सोडा. ओहोटीला याच नदीत कमरेएवढ्या पाण्यात उभं राहून लोक तिसऱ्या (शिंपले) काढतात, आणि त्या संध्याकाळी कोणाच्या तरी ताटात असतात.

सांजावला नदीतच राहा, नदीच्या तोंडाच्या बाहेर समुद्राकडे जूनमध्ये जाऊ नका. बोटीच्या क्षमतेपेक्षा एकही माणूस जास्त घेऊ नका आणि प्रत्येकाच्या अंगात लाइफ जॅकेट हवं, विहिरीत उड्या मारणाऱ्या पोरांच्याही. सजावटीच्या झावळ्या आणि फुलं तळात पडू देऊ नका. झावळ्यांचे तुकडे आणि पाकळ्या पंपाच्या जाळीवर बसतात. घरी परतल्यावर जाळी काढून धुवा.

त्यानंतर बोट वर काढा. जमिनीवर ती पुढच्या बाजूने उंच ठेवा, ड्रेन प्लग काढून टाका आणि बॅटरी घरी न्या. उघड्या भोकातून पाऊस आपोआप वाहून जाईल, पंप लागणारच नाही. काढलेला प्लग खिशात किंवा टूलबॉक्समध्ये टाकू नका. इंजिनाच्या किल्लीलाच सुतळीने बांधून ठेवा, म्हणजे पावसाळ्यानंतर बोट पाण्यात सोडताना किल्ली हातात घेतली की प्लगही हातात येईल.